रक्तवाहिन्यांचा प्लंबर

स्त्रीरोग विभागाकडून आमच्या मेडिसिनच्या ओपीडीत येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये एक तक्रार वर्षानुवर्षं तशीच असते. बाई पस्तीस-चाळीसच्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या. ओटीपोटात दुखतं; खरं म्हणजे दुखतं म्हणण्यापेक्षा जड होतं, काहीतरी खाली ओढल्यासारखं वाटतं. सकाळी बरं असतं. दिवसभर ओट्याशी, शेतात किंवा दुकानात उभं राहिलं की संध्याकाळपर्यंत वाढत जातं आणि आडवं पडलं की उतरतं. पाळीच्या आधी जास्त. नवरा-बायकोच्या संबंधांनंतर कित्येक तास ठणकतं, पण हे त्या आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. सोनोग्राफीचा रिपोर्ट नॉर्मल असतो. घरच्यांनी तोवर मनावर घेऊ नकोस असं सांगून झालेलं असतं, आणि एखाद्या डॉक्टरने पिशवी काढून टाकण्याचा सल्लाही दिलेला असतो.

यातल्या काही जणींना, सगळ्यांना नव्हे, पोटातल्या शिरांचा आजार असतो. पायांवर व्हेरिकोज व्हेन्स होतात हे आपल्याला माहीत आहे. तशाच फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरा बीजांडकोश आणि गर्भाशयाभोवतीही होऊ शकतात. त्यावर आता पोट न उघडता, शिरेतून बारीक नळी घालून उपचार करता येतो. मात्र या उपचाराची गोष्ट सांगायची तर ज्या माणसापासून सुरुवात करावी लागते, तो स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हता आणि सर्जनही नव्हता. तो एक्स-रेवाला होता. त्याचं नाव चार्ल्स डॉटर.

डॉटरचा जन्म १४ जून १९२० रोजी अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये झाला. बालपण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेलं. हा मुलगा अंगापिंडाने किरकोळ, पण हाताला लागेल ते यंत्र खोलून बघणारा. ही खोड आयुष्यभर सुटली नाही. १९४४ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातून तो डॉक्टर झाला आणि रेडिओलॉजीकडे वळला. तेव्हा रेडिओलॉजिस्टचं काम म्हणजे अंधाऱ्या खोलीत बसून फिल्म वाचणं आणि रिपोर्ट लिहून सर्जनकडे पाठवणं. पुढे काय करायचं ते सर्जन ठरवणार. डॉटरने या चौकटीत राहून भराभर नाव कमावलं. हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या एक्स-रे चित्रणावर इस्राएल स्टाइनबर्ग यांच्याबरोबर लिहिलेलं त्याचं पुस्तक १९५१ मध्ये आलं. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३२ व्या वर्षी, तो पोर्टलंड शहरातल्या ओरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रेडिओलॉजीचा विभागप्रमुख झाला. त्या खुर्चीवर तो मरेपर्यंत, म्हणजे ३३ वर्षं राहिला.

त्या काळात रक्तवाहिनीत शिरण्याची वाट नुकतीच सोपी झाली होती. १९५३ मध्ये स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर याने एक साधी युक्ती प्रसिद्ध केली होती. रक्तवाहिनीत सुई घालायची, सुईतून लवचिक तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि त्या तारेवरून नळी सरकवायची. कातडीवर कापायचं कामच नाही. आजही आमच्या आयसीयूत मानेच्या शिरेत लाइन टाकताना आम्ही हेच करतो. या नळीला कॅथेटर म्हणतात. ती आत नेऊन तिच्यातून औषध सोडायचं, एक्स-रेवर दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांची फिल्म काढायची आणि नळी बाहेर काढायची, एवढाच तिचा तेव्हा उपयोग होता.

१९६३ मध्ये डॉटरच्या हातून एक अपघात घडला. एका रुग्णाच्या मांडीतून नळी वर सरकवताना ती ओटीपोटातल्या एका पूर्ण बंद झालेल्या धमनीतून आरपार गेली आणि त्या बंद वाटेतून रक्त पुन्हा वाहू लागलं. हेतू फक्त फोटो काढण्याचा होता. दुसऱ्या कुणी ही चूक सुखरूप निभावली म्हणून सुटकेचा श्वास सोडला असता. डॉटरला त्यात उपचार दिसला. त्याच वर्षी जूनमध्ये चेकोस्लोवाकियातल्या कार्लोवी व्हारी इथे झालेल्या परिषदेत त्याने सहकाऱ्यांपुढे थेट मांडलं की कॅथेटर हे नुसतं पाहण्याचं साधन राहू नये, ते सर्जनच्या सुरीची जागा घेऊ शकतं.

संधी १६ जानेवारी १९६४ रोजी आली. ८२ वर्षांच्या एका आजींच्या पायाला गँगरीन झालं होतं. मांडीतली धमनी एका ठिकाणी चिंचोळी झाली होती. सर्जननी पाय कापायला सांगितलं आणि आजींनी ठाम नकार दिला. डॉटरने त्यांच्या धमनीत तार घातली, तारेवरून बारीक टेफ्लॉनची नळी सरकवली आणि तिच्यावरून तिच्यापेक्षा जाड नळी. चिंचोळी जागा रुंद झाली. थंड पडलेला पाय काही मिनिटांत गरम झाला. पुढे जखमही भरली. आजी त्यानंतर दोन-अडीच वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत स्वतःच्या दोन पायांवर चालल्या. आज आपण सहज बोलतो ती अँजिओप्लास्टी जगात पहिल्यांदा झाली ती अशी. हृदयावर नव्हे, पायावर. त्याच वर्षाच्या शेवटी डॉटरने आपला सहकारी मेल्विन जडकिन्स याच्याबरोबर अशा ९ रुग्णांचा अहवाल छापला.

या नळ्या आणि तारा तेव्हा बाजारात मिळत नव्हत्या. डॉटर गिटारच्या तारा, मोटारीच्या स्पीडोमीटरची केबल, जे सापडेल त्यातून स्वतः बनवायचा. १९६३ च्या अखेरीस शिकागोत रेडिओलॉजिस्टांचं अधिवेशन होतं. तिथे बिल कुक नावाचा एक तरुण एका स्टॉलवर ब्लोटॉर्चच्या ज्योतीवर प्लास्टिकच्या नळ्यांना आकार देऊन दाखवत होता. डॉटर बराच वेळ उभा राहून बघत राहिला आणि मग त्याने तो ब्लोटॉर्च आणि नळ्या रात्रीपुरत्या मागून घेतल्या. सकाळी परतला तो तयार १० कॅथेटर घेऊन. कुकने ते स्टॉलवर विकूनही टाकले. हा कुक आपल्या फ्लॅटमधल्या रिकाम्या खोलीत व्यवसाय करत होता. त्याची कंपनी पुढे या क्षेत्रातल्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली.

डॉटर आपल्या कामाची तुलना नेहमी प्लंबिंगशी करायचा. प्लंबरला पाइप न फोडता आतून साफ करता येतो, तर डॉक्टरला का येऊ नये, हा त्याचा साधा प्रश्न होता. एकमेकांवर आडवे ठेवलेले पाइप आणि पाना ही त्याने स्वतःची खूणच करून टाकली होती. सर्जन मंडळींना हे अर्थातच रुचलं नाही. एका सर्जनने रुग्णाला फिल्म काढायला पाठवताना चिठ्ठीवर ठळक अक्षरात सूचना लिहिली होती की फक्त चित्र काढा, दुरुस्त करायला जाऊ नका. डॉटरने ती चिठ्ठी जपून ठेवली.

दोष सगळा सर्जनांचा होता असं मात्र म्हणता येणार नाही. डॉटरचं वागणं लोकांना बिचकवणारं होतं. एकदा त्याने भाषणाच्या आधी स्वतःच्या दंडातून हृदयापर्यंत कॅथेटर घालून घेतला आणि बोलता बोलता तो यंत्राला जोडून श्रोत्यांना स्वतःच्या हृदयातला दाब पडद्यावर दाखवला. १९६४ मध्ये लाइफ साप्ताहिकाने त्याच्या एका उपचाराची चित्रमालिका छापली. त्यातल्या छायाचित्रांत तो डोळे विस्फारून, हातवारे करत उभा आहे. तेव्हापासून त्याच्या मागे वेडा चार्ली हे नाव लागलं ते लागलंच. लहान रुग्णालयांतले डॉक्टर आपले रुग्ण त्याच्याकडे पाठवायला कचरू लागले. नव्या उपचाराचा शोध लावणाऱ्याने थोडं कंटाळवाणं दिसलेलं बरं, असं मला कधी कधी वाटतं.

अमेरिकेने पाठ फिरवली, युरोपने उचललं. जर्मनीत एबरहार्ड त्साइटलरसारख्यांनी त्याची पद्धत इतकी वापरली की तिथे या उपचाराला डॉटरिंग असंच म्हणू लागले. त्साइटलरकडून ती आंद्रेआस ग्रुन्टझिग या तरुण डॉक्टरने शिकली, जाड नळीच्या जागी फुगा बसवला आणि १९७७ मध्ये झुरिचमध्ये हृदयाच्या धमनीची पहिली अँजिओप्लास्टी केली. डॉटर स्वतः हृदयाकडे गेला नाही. त्याने १९६९ मध्ये कुत्र्यांच्या पायांतल्या धमन्यांत तारेची स्प्रिंग बसवून ती उघडी राहते का हे पाहिलं होतं. आजच्या स्टेंटचा तो पूर्वज. १९७८ मध्ये त्याचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं. ते मिळालं नाही.

आपल्या विषयाशी थेट जोडलेलं त्याचं काम मात्र याच्या बरोबर उलट आहे. इथवर तो बंद नळ उघडत होता. आता त्याने चालू नळ बंद करायचं ठरवलं. प्रागहून आलेला योसेफ र्‍योश हा विलक्षण बुद्धिमान डॉक्टर १९६७ मध्ये त्याच्या विभागात दाखल झाला होता. पुढच्या वर्षी सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि र्‍योश पोर्टलंडलाच राहिला. जठरातून सतत रक्तस्राव होणाऱ्या, शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा एका रुग्णाच्या रक्तस्राव होणाऱ्या धमनीपर्यंत या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने कॅथेटर नेला आणि रुग्णाच्याच रक्ताची गुठळी तिथे सोडली. धमनी बंद झाली, रक्त थांबलं. हे काम १९७२ मध्ये छापून आलं. या पद्धतीला एम्बोलायझेशन म्हणतात. १९७५ मध्ये सीझारे जियानतुर्को याने गुठळीऐवजी धाग्यांचं झुपकं लावलेली धातूची बारीक कॉइल आणली. कॅथेटरमधून ढकलताना ती सरळ असते, बाहेर पडताच गुंडाळी होते आणि तिच्याभोवती रक्त गोठून वाहिनी बंद होते.

इथे थोडं शरीररचनेकडे वळतो. बीजांडकोशातून रक्त परत नेणारी डावी शीर वर जाऊन डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते; उजवी थेट मोठ्या शिरेत जाते. एवढ्या उंच रक्त चढवायचं तर वाटेत झडपा लागतात. गरोदरपणात या शिरांतून वाहणारं रक्त कित्येक पटींनी वाढतं, शिरा ताणल्या जातात, झडपांची तोंडं एकमेकांना मिळेनाशी होतात आणि बाळंतपणानंतरही त्या कधी कधी पूर्ववत होत नाहीत. मग बाई उभी राहिली की रक्त वर जाण्याऐवजी खाली उतरतं आणि ओटीपोटात साचतं. संध्याकाळी वाढणारं आणि आडवं पडल्यावर उतरणारं दुखणं यातून उलगडतं. काही जणींत मूळ वेगळं असतं: मूत्रपिंडाची डावी शीर दोन धमन्यांच्या चिमट्यात दाबली जाते, किंवा डाव्या पायाकडून येणारी शीर धमनीखाली चेपते.

पुरुषांच्या अंडकोशाची डावी शीरही याच वाटेने वर जाते, त्याच मूत्रपिंडाच्या शिरेला तशीच मिळते. तिच्या झडपा निकामी झाल्या की होतो तो व्हेरिकोसील. कॅथेटरने ती शीर बंद करून व्हेरिकोसील बरा करण्याचे प्रयोग १९७० च्या दशकाच्या अखेरीस छापून आले. म्हणजे शीर तीच, बिघाड तोच, हत्यारही हाताशी तयार. बायकांच्या वाट्याला तो उपचार यायला मात्र १९९३ साल उजाडलं, जेव्हा काही ब्रिटिश डॉक्टरांनी ओटीपोटाच्या दुखण्यासाठी एका स्त्रीच्या दोन्ही बाजूंच्या बीजांडकोशाच्या शिरा कॉइलने बंद केल्याचं वृत्त छापलं. मधली पंधरा वर्षं कुठे गेली? पुरुषाच्या फुगलेल्या शिरा हाताला लागतात, बाईच्या पोटात असतात, हे एक उत्तर. मला ते पुरेसं वाटत नाही. पुरुषाचा प्रश्न वंध्यत्वाचा म्हणून मोजला गेला आणि बाईचा प्रश्न नुसत्या दुखण्याचा. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड टेलर यांनी १९४९ मध्येच ओटीपोटातल्या तुंबलेल्या रक्ताबद्दल सविस्तर लिहिलं होतं. त्यांनी ताणतणाव आणि मनाची अवस्था यांनाही त्यात मोठी जागा दिली. पुढच्यांनी शिरा विसरून मन तेवढं लक्षात ठेवलं. १९८४ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयातल्या रिचर्ड बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी, दुर्बिणीने काहीच न सापडलेल्या बायकांच्या शिरांची चित्रं काढली. त्यातल्या बहुतेकींच्या शिरा फुगलेल्या आणि रक्त रेंगाळत जाणारं निघालं. दुर्बिणीत दिसलं नाही कारण दुर्बिणीच्या वेळी रुग्णाला डोकं खाली करून झोपवतात, पोटात हवा भरतात. शिरा रिकाम्या होतात.

डॉटरने हे पाहिलं असेल की नाही, कोण जाणे. तो तेव्हा आजारीच होता. त्याला आधी हॉजकिन्स हा कर्करोग झाला होता, त्यावर किरणोपचार झाले होते, हृदयावर शस्त्रक्रियाही झाली होती. तरीही त्याने अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची १४ हजार फुटांवरची सगळी ६७ शिखरं पालथी घातली. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे, यावरून अंदाज यावा. १५ फेब्रुवारी १९८५ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षी तो गेला. त्याच वर्षी जडकिन्स गेला, हृदयाच्या अँजिओग्राफीचा जनक मेसन सोन्स गेला आणि ऑक्टोबरमध्ये स्वतःचं विमान चालवताना ग्रुन्टझिगही गेला. एका शास्त्राची जवळजवळ सगळी पहिली पिढी एका वर्षात संपली. पोर्टलंडमध्ये १९९० पासून डॉटरच्या नावाची संस्था आहे.

आज हा उपचार कसा होतो, ते सांगतो. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेत जागा बधिर करून सुई घालतात. सेल्डिंगरच्या युक्तीने कॅथेटर बीजांडकोशाच्या शिरेत नेतात, औषध सोडून शीर खरंच उलटी वाहते का हे पडद्यावर बघतात. मग खालच्या फुगलेल्या शिरांत त्या आकसवणारा फेस सोडतात आणि मुख्य शिरेत कॉइल बसवतात. टाके नाहीत, पूर्ण भूल नाही, बहुतेक जणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. काही दिवस पोट दुखतं, बारीक ताप येऊ शकतो. आराम हळूहळू, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पडतो. गर्भाशय आणि बीजांडकोश जागच्या जागी राहतात, त्यानंतर गर्भधारणाही झालेल्या आहेत.

आता दुसरी बाजू. प्रसिद्ध झालेल्या मालिकांमध्ये बहुतांश स्त्रियांना फरक पडल्याचं दिसतं, पण दोन गटांची काटेकोर तुलना करणारे मोठे अभ्यास अजून फार थोडे आहेत. फुगलेल्या शिरा काहीही न दुखणाऱ्या बायकांतही सापडतात, विशेषतः अनेक बाळंतपणं झालेल्यांत. म्हणून रिपोर्टमध्ये शिरा मोठ्या दिसल्या एवढ्यावर कॉइल बसवून घेऊ नये. कॉइल जागा सोडून फुप्फुसाकडे जाणं ही विरळ, पण माहीत असलेली गुंतागुंत आहे. एक्स-रेचा मारा होतो, औषधाची ॲलर्जी होऊ शकते, दुखणं काही वर्षांनी परतूही शकतं. शीर कुठे चेपली गेली असेल तर नुसतं खाली बंद करून भागत नाही. आणि ओटीपोट सतत दुखण्याची इतर कारणं जास्त आढळतात: एन्डोमेट्रिओसिस, जंतुसंसर्ग, आपल्याकडे क्षयरोग, आतडी, मूत्राशय, ओटीपोटाचे स्नायू. ती आधी पाहायलाच हवीत.

पिशवी काढण्याच्या सल्ल्याबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. बीडमधल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. त्यांचं दुखणं शिरांचं होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्या दुखण्यांचं मूळ नीट शोधलं गेलं नाही, हा मुद्दा आहे. दुखणं खरोखर शिरांचं असेल, तर गर्भाशय काढूनही उलटी वाहणारी शीर पोटात तशीच राहते, आणि बीजांडकोशही काढले तर पस्तिशीतच पाळी जाण्याचे परिणाम, हाडं ठिसूळ होण्यापासून हृदयापर्यंत, वाट्याला येतात. पाळी नैसर्गिकरीत्या गेल्यावर हे दुखणं बऱ्याच जणींत आपोआप कमीही होतं. म्हणून पन्नाशीजवळ आलेल्या बाईला थांबून बघण्याचा सल्ला मी आधी देतो. तरुण बाईला हार्मोनच्या गोळ्यांनी काही काळ आराम पडू शकतो.

सहा महिन्यांहून जास्त काळ असं दुखत असेल, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा योनीमार्गाच्या बाहेरच्या भागात निळ्या शिरा दिसत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना शिरांची डॉपलर सोनोग्राफी हवी असं मुद्दाम सांगावं. साधी सोनोग्राफी करणारा शिरांकडे बघेलच असं नाही. जमलं तर ही तपासणी उभ्याने किंवा अर्धवट बसून, आणि जोर करायला लावून करतात. गरजेप्रमाणे पुढे सीटी किंवा एमआरआय. उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणतात. मोठ्या शहरांतल्या काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही ते असतात, पण त्यांचा विभाग बहुधा एक्स-रेच्या पाटीमागे असतो. तिथे जाऊन विचारावं लागतं.